कागदातली फाट

मुलीचं धनुष्य जुळवायला मी वर्तमानपत्राचं पान वापरायचो. लाकडी चौकटीत पान ताणून बसवायचं, मागे जुन्या साड्या ठासून भरलेलं पोतं ठेवायचं आणि दोन मीटरवरून त्यातून बाण मारायचा. बाण सरळ जात असेल तर पानाला गोल भोक पडतं, त्याला पिसांच्या तीन चिरा असतात. बाणाची शेपटी डावीकडे झुकून जात असेल तर भोकापासून डावीकडे पान फाटतं. किती फाटलं त्यावरून किती चूक आहे ते कळतं. एवढंच शास्त्र. पण यात माझे दोन वर्षांचे रविवार गेले आणि त्यातल्या सात महिन्यांबद्दल मी स्वतःला माफ करू शकलेलो नाही.

मी डोंबिवलीच्या एमआयडीसीत टूलरूममध्ये होतो. आयुष्यभर मायक्रोमीटर आणि कानस. राहायला कल्याण. मुलगी एकुलती एक. कॉलेजात असताना तिला धनुर्विद्येचं वेड लागलं, तेही साध्या धनुष्याचं नाही, कंपाउंडचं. दोन्ही टोकांना चाकं, त्यांवरून फिरणारी दोरी आणि केबली. पुण्याच्या एका खेळाडूने वापरलेलं धनुष्य आम्ही तिच्यासाठी घेतलं. ते जुळवून देणारा माणूस भेटायचा महिन्या-दीड महिन्याने, आणि भेटला की दोन स्क्रू फिरवून निघून जायचा. मी एकदा ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि म्हटलं, दोन चाकं, तीन दोऱ्या आणि मूठभर स्क्रू, यात न कळण्यासारखं काय आहे? माझी नुकतीच निवृत्ती झाली होती. हात शिवशिवत होते.

केबल सैल करायची तर धनुष्य दाबून धरणारा शिकंजा लागतो. तो मी जुन्या बेंच व्हाइसचा स्क्रू आणि लोखंडी अँगल वापरून गॅलरीत बनवला. बायको म्हणाली, "अहो, निवृत्त झालात म्हणून सत्यनारायण घातला ना आपण? मग ही दुसरी कंपनी कशाला काढलीत?" मी हसलो. खरं सांगायचं तर तिचं बरोबर होतं.

बाकीचं मी परदेशी शिकाऱ्यांचे व्हिडिओ बघून शिकलो. त्यांचं इंग्रजी मला निम्मं समजायचं, पण पाना कुठे लावतायत ते समजायला भाषा लागत नाही. आपल्याकडे शिकारीला बंदी आहे आणि ती असावी. पण त्या लोकांची एक गोष्ट मला पटली. शिकारीच्या बाणाला पुढे पात्यांचा फाळ असतो. धनुष्य केसभर जरी चुकीचं जुळलं असेल तर ती पाती वारा पकडतात आणि बाण भलतीकडे ओढतात. साध्या गोल टोकाचा बाण चूक झाकतो, फाळाचा बाण उघडी पाडतो. म्हणून ते दोन्ही मारून बघतात. दोन्ही एकाच जागी लागले की धनुष्य जुळलं.

मग मीही फाळ केला. हॅकसॉच्या पात्याचे तीन तुकडे घासून टोकाभोवती बसवले. त्याचं वजन गोल टोकाइतकंच हवं, म्हणून नाक्यावरच्या सोनाराकडे गेलो. त्याने काट्यावर ठेवलं आणि विचारलं, "काका, हे घालणार कुणाच्या गळ्यात?" आणखी दोनदा घासून आणल्यावर काटा जुळला.

मैदानावर असला बाण कोण मारू देणार? कल्याणजवळच्या मोहन्याच्या बाजूला नदीजवळ बायकोच्या मावसभावाची मोकळी जागा होती, तिला तिन्ही बाजूंनी भिंत. तिथे आम्ही रविवारी सकाळी जायचो. तीस मीटरवर पोतं ठेवलं. मुलीने आधी गोल टोकाचा बाण मारला, मग फाळाचा. चालत जाऊन बघितलं तर दोन्ही बाण शेजारी शेजारी, मधे करंगळी जाईल एवढंच अंतर. ती म्हणाली, "बाबा, तू भारी आहेस." नोकरीत मला कुणी असं म्हटलं नव्हतं. दिवसभर मी त्याच तोऱ्यात होतो.

राज्याच्या संघाची निवड मे महिन्यात होती. तिला तिथे जायचं होतं, आणि तिच्यापेक्षा जास्त मला तिला तिथे न्यायचं होतं.

दिवाळीनंतरच्या रविवारी पान डावीकडे फाटलं. नखाएवढं. मी म्हटलं, थंडी पडलीय, दोरी आखडली असेल. बाण ज्यावर टेकतो तो रेस्ट केसभर सरकवला, पुन्हा गोल भोक. मी पानाच्या कडेला तारीख आणि काय बदललं ते लिहिलं आणि पान घडी करून फाइलमध्ये टाकलं. टूलरूमची सवय. कुठलाही बदल लिहिल्याशिवाय करायचा नाही.

दोन आठवड्यांनी पुन्हा डावीकडे. या वेळी केबलला अर्धा पीळ दिला. जानेवारीत ती म्हणाली, "बाबा, थोडं जड वाटतंय," म्हणून दोन्ही बाजूंचे बोल्ट अर्धा आटा सोडून ताण कमी केला. ताण बदलला की सगळंच बदलतं, म्हणून तीन रविवार पुन्हा जुळवाजुळव. फेब्रुवारीत मुठीचं लाकूड एका बाजूने कानसलं, त्यावर बॅडमिंटनच्या रॅकेटची पट्टी गुंडाळली. प्रत्येक वेळी शेवटी गोल भोक पडायचं. प्रत्येक वेळी फाळाचा बाण गोल बाणाच्या शेजारी जाऊन बसायचा. प्रत्येक वेळी ती माझ्याकडे बघून हसायची आणि मी पाना पुसून पिशवीत ठेवायचो.

मी शिकाऊ मुलांना नेहमी एक गोष्ट बजावायचो. जॉब, म्हणजे मशीनवरचा तुकडा, बिघडायला लागला की लगेच मशीनला हात लावू नका. आधी अर्धा तास मशीनवरच्या माणसाचा हात बघा. शंभरदा सांगितलं असेल, ओरडून सांगितलं असेल. आणि इथे माझी स्वतःची मुलगी माझ्यापासून चार हातांवर उभी राहून धनुष्य धरायची आणि माझी नजर कागदावर. बाण सुटला की मी सरळ चौकटीकडे चालत जायचो. सात महिन्यांत मी तिच्या डाव्या हाताकडे एकदाही नीट पाहिलं नाही.

घरात दिसत होतं, नाही असं नाही. तिच्या हातून चहाचा कप पडला तेव्हा मी म्हणालो, "लक्ष कुठंय? मोबाइल ठेव जरा बाजूला." लोणच्याची बरणी ती आईकडे द्यायला लागली होती. कुडत्याची बटणं एका हाताने लावायची. हे सगळं मी पाहिलं आणि पाहून सोडून दिलं. कारण दर रविवारी बाण तर बरोबर लागत होता. आणि आणखी एक कारण आहे, ते लिहायला लाज वाटते. मला मजा येत होती. धनुष्य दर पंधरा दिवसांनी बिघडत होतं म्हणून मला काम होतं. ते बिघडलं नसतं तर मी त्या गॅलरीत बसून काय केलं असतं?

निवडीच्या दिवशी चौथ्या फेरीत धनुष्य तिच्या हातातून निसटलं. बोटाला बांधलेली दोरी होती म्हणून खाली पडलं नाही, नुसतं लोंबकळत राहिलं. मी कुंपणाबाहेरून बघत होतो आणि मनात पहिला विचार आला तो हाच की मुठीवरची पट्टी घामाने सरकली असणार. आता बदलायला वेळ मिळेल का?

तिथे दुसऱ्या जिल्ह्याच्या मुलींबरोबर आलेल्या एक प्रशिक्षक बाई होत्या. ओळख ना पाळख. त्यांनी धनुष्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मुलीला बाजूला घेतलं, तिचा डावा हात आपल्या हातात धरला, अंगठा आणि पहिलं बोट फाकवून बघितलं. मग उजवा हात शेजारी ठेवला. मला कुंपणाजवळ बोलावून म्हणाल्या, "तुम्ही वडील ना? हा खड्डा कधीपासून आहे?" अंगठ्याच्या मुळाशी जिथे मांस असतं तिथे खड्डा होता. उजव्या हाताला नव्हता.

मला माहीत नव्हतं.

ठाण्याच्या इस्पितळात तपासण्या झाल्या. मानेच्या मणक्यात एक गाठ होती, हाताकडे जाणाऱ्या नसा दाबत होती. साधी गाठ, कॅन्सर नाही, असं डॉक्टर बाईंनी आधीच सांगितलं, त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. मग त्यांनी विचारलं, "हातातली ताकद कमी झालीय हे कधी लक्षात आलं?"

बायको म्हणाली, "महिना झाला असेल."

मुलगी माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "मॅडम, मी उद्या सांगतो."

दुसऱ्या दिवशी मी आणि बायको फाइल घेऊन गेलो. डॉक्टर बाईंच्या टेबलावर पानं तारखेने लावली. त्यांनी कधी धनुष्य पाहिलेलं नव्हतं, म्हणून बाण कुठून आला, शेपटी कुठे झुकली, मी काय बदललं, हे एकेक करून समजावलं. सांगता सांगता माझ्याही लक्षात येत गेलं. मूठ धरणारा डावा हात सैल पडला की धनुष्य पिळतं आणि बाणाची शेपटी झुकते. नोव्हेंबरला नखाएवढी फाट. डिसेंबरला बोटाच्या पेराएवढी. ताण कमी केला, तरी पुन्हा. मूठ कानसली, तरी पुन्हा. मी धनुष्य जुळवत नव्हतो. मी ते तिच्या मरत चाललेल्या हाताला जुळवत होतो. इतकं चोख, की हात मरतोय हे कुणाला दिसूच नये.

डॉक्टर बाई बराच वेळ पानं बघत राहिल्या. म्हणाल्या, "इतका स्पष्ट रेकॉर्ड माझ्याकडे कुठल्याच पेशंटचा नाही." मग नोव्हेंबरच्या पानावर बोट ठेवून म्हणाल्या, "पहिल्या दोन-तीन महिन्यांत दाब काढला तर हाताचे स्नायू बहुतेक वेळा परत येतात. आता ऑपरेशन करून पुढचं नुकसान थांबेल. गेलेलं किती येईल ते मी सांगू शकत नाही."

मी पानं गोळा करायला लागलो. त्यांचा क्रम मला लागेना. बायकोने गोळा केली.

ऑपरेशन नीट झालं. मुलीची मान बरी आहे, ती चालते-फिरते, एका ऑफिसात नोकरीला लागली आहे. व्यायाम रोज करते. डावा हात खांद्यापासून मनगटापर्यंत तिचं ऐकतो. त्यापुढे नाही. वर्ष उलटलं तेव्हा डॉक्टर बाईंनी सांगितलं की आता यापेक्षा जास्त काही होणार नाही.

गेल्या महिन्यात मुलीने स्वतःच धनुष्य तिच्या धनुर्विद्येच्या क्लबमधल्या एका नव्या मुलीला द्यायचं ठरवलं. म्हणाली, "बाबा, पण ते आधी सरळ करून दे. असं कुणालाच चालणार नाही." ते खरंच होतं. तिच्यानंतर क्लबमध्ये दोघांनी ते ओढून पाहिलं होतं आणि दोघांचेही बाण भलतीकडे गेले होते. त्यात ठेवलेला वाकडेपणा फक्त तिच्याच हाताला जुळत होता.

तेव्हा रविवारी सकाळी मी शिकंजा पुन्हा गॅलरीत काढला. सर्वांत शेवटचं पान आधी घ्यायचं, त्यावर लिहिलेला बदल उलटा करायचा, मग त्याच्या आधीचं पान. मुलगी समोर स्टुलावर बसून पानं वाचून दाखवत होती. पट्टी काढली, कानसलेल्या मुठीवर नवं लाकूड बसवलं. बोल्ट अर्धा आटा आवळले. डिसेंबरमधल्या एका पानावर आलो तेव्हा माझ्याच्याने राहवलं नाही. मी पाना खाली ठेवला आणि म्हणालो, "मी कागदाकडे बघत बसलो. तुझ्याकडे बघायला हवं होतं. माझ्यामुळे गेला तुझा हात."

ती मांडीवरचं पान उजव्या हाताने सारखं करत राहिली.

"मला कळत होतं रे," ती म्हणाली. "डिसेंबरपासून कळत होतं. बोटांनी धरवायचं नाही. एकदा तुला सांगणार होते. पण तू दर रविवारी काहीतरी करायचास आणि बाण परत बरोबर लागायचा. मला वाटायचं, बाबा नीट करतोय म्हणजे हातपण नीट होतोय."

हे ती तक्रार म्हणून बोलली नाही. लहानपणी सायकलची चेन मी बसवून द्यायचो, घड्याळ दुरुस्त करायचो, तेव्हा जशी बोलायची तशीच बोलली. ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.