थायलंडात कोथिंबीर काय भाव

परदेशात राहायला किती खर्च येतो, या विषयावर बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत माझ्याइतका अधिकारवाणीने बोलणारा माणूस त्या काळी नव्हता. कारण साधं होतं. आमच्या ओळखीतलं दुसरं कुणी तिकडे गेलेलंच नव्हतं, त्यामुळे मी ठोकून देईन ते खरं.

नव्वदच्या दशकाच्या मधली ही वर्षं. मी इंदापूर तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात केमिस्ट होतो. उसाचा रस तपासायचा, साखरेचा उतारा काढायचा आणि शिपायाने साहेब म्हटलं की ऐकू न आल्यासारखं करून खूश व्हायचं, एवढं मला छान जमायचं. अशात थायलंडमधल्या एका कारखान्याला अनुभवी माणूस हवाय असं कानावर आलं. मी अर्ज केला आणि त्यांनी, कशी कोण जाणे, माझीच निवड केली. पगार इथल्या कैक पट. कन्हेरीला, म्हणजे आमच्या गावी, घरी पेढे वाटून झाले, ते ज्यांना मिळाले नाहीत त्यांचे रुसवेही काढून झाले.

ठरलं असं होतं की मी पुढे जायचं, घर बघायचं, बस्तान बसवायचं आणि तीन महिन्यांनी बायको आणि सहा वर्षांची मुलगी मागून यायच्या. त्या तीन महिन्यांचं दीड वर्ष झालं, आणि त्याला जबाबदार माझी पत्रं.

पहिलं पत्र तसं प्रामाणिक होतं, फक्त ते एका मूर्खाने लिहिलेलं होतं. कारखान्याजवळच्या गावात एकच हॉटेल असं होतं की जिथे मेनूकार्डावर इंग्रजी होतं आणि पदार्थांची चित्रंही होती. महिनाभर मी तिथेच जेवलो. एका वेळच्या जेवणाला इतके पैसे जात, की तेवढ्यात बारामतीत चौघांनी मटणावर ताव मारला असता. हाच इथला भाव असं समजून मी बायकोला कळवलं, की इकडे भयंकर महागाई आहे, तिघांचं भागायचं नाही, तूर्त थांबावं.

पुढच्याच महिन्यात कळलं, की त्या हॉटेलात माझ्यासारखे वाट चुकलेले परदेशीच जात. कारखान्यातले लोक बाजारात जेवायचे. तिथे एक म्हातारी केळीच्या पानात चिकट भात आणि भाजलेला मासा द्यायची, दहाव्या हिश्शात पोट भरायचं. पलीकडचा शेवयांची आमटी करायचा आणि लोक त्यावर चमचाभर साखर घालून ती भुरकायचे. जन्म साखरेत घालवलेल्या मला ते बघवत नसे. राहायला लाकडी खांबांवर उभं असलेलं तीन खोल्यांचं घर मिळालं, भाडं किरकोळ. थोडक्यात, देश स्वस्त होता आणि माझ्या पगारात आम्ही तिघं मजेत राहिलो असतो.

हे मी बायकोला कळवायला हवं होतं. मी कळवलं नाही. बारामतीत प्लॉट घ्यायचाय, पैसे साठतायत ते बरंच आहे, असं मी स्वतःला सांगत राहिलो. महिन्यातून एकदा ती ठरल्या वेळी बारामतीच्या एसटीडी बूथवर येऊन बसायची आणि मी फोन करायचो. ती तिकडचे भाव विचारायची आणि मी ते चढवून सांगायचो. म्हणायची, खाण्यात हयगय करू नका, पैशाचं बघू. भरपेट जेवलेला मी इकडून बरं म्हणायचो.

दीड वर्षाने, कारखान्याचा हंगाम संपल्यावर, मे महिन्यात मी रजेवर कन्हेरीला आलो. दुसऱ्याच संध्याकाळी अंगणात माणसं जमली. त्यांत शेजारचे तात्या सगळ्यांत पुढे. तात्यांचा पाच एकर ऊस आणि जगातल्या प्रत्येक वस्तूच्या भावावर त्यांचं मत. आमचे आबा, म्हणजे माझे वडील, भिंतीला टेकून बसले होते. आयुष्यभर मेंढरं राखलेला माणूस, कॅनॉलचं पाणी आल्यावर शेतीला लागला. बोलायला त्यांना फारसं आवडत नाही. ती कसर मी भरून काढतो.

तात्यांनी विचारलं, खर्चाला कसं काय आहे तिकडे? झालं, मला आणखी काय हवं होतं. घरभाडं सांगितलं, माशांचे भाव सांगितले, शर्ट शिवायला किती घेतात तेही सांगितलं. ऐकणाऱ्यांची तोंडं उघडी पडत गेली तसा मला जोर चढत गेला. तिकडचा बात म्हणजे आपला सव्वा रुपया आणि भात-माशाचं चांगलं ताट वीस बातला, असं मी म्हटल्यावर मात्र तात्यांनी बोटांवर हिशोब केला आणि म्हणाले, म्हणजे पंचवीस रुपये झाले की, बारामतीत तेवढ्यात राइसप्लेट येते, वर पापड. मी हरणार थोडाच! पगाराच्या मानाने बघायचं असतं तात्या, असं म्हणून मी त्यांना अर्थशास्त्र समजावलं. ओघात हेही सांगून टाकलं, की घरातल्या तीनपैकी दोन खोल्या नुसत्या रिकाम्या पडल्यात, एकट्या माणसाला करायच्या काय इतक्या.

तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. चारचौघांत ती सहसा तोंड उघडत नाही. त्या दिवशी कप देता देता तिने सहज विचारलं,

"कोथिंबीर काय भाव हाय तितं?"

तात्या हसले. बाईने एवढ्या मोठ्या परदेशातली कोथिंबीर विचारावी याची त्यांना गंमत वाटली. मलाही वाटली. मी ऐटीत सांगितलं, "कोथिंबिरीला पैसे कोण घेतंय? भाजी घेतली की जुडी वर टाकून देतात."

बोलून झाल्यावर मी काय बोललो ते मला ऐकू आलं. महागाई पटावी म्हणून मागच्याच पत्रात मी लिहिलं होतं, की इकडे कोथिंबीर इतकी महाग आहे की मी ती खायचीच सोडली.

तिने बरं म्हटलं, रिकामा ट्रे उचलला आणि ती आत गेली. बाकी कुणाच्या काही लक्षात आलं नाही. मी आणखी थोडा वेळ बोलत राहिलो, पण आता माझा मलाच कंटाळा आला होता. चहा पिऊन माणसं पांगली. आबा मात्र जागचे हलले नाहीत. त्यांनी मला समोर बसवलं.

"तितं चूल हाय का?"

मी म्हटलं, गॅस आहे.

"पानी?"

नळाला चोवीस तास, मी म्हटलं, आणि पुन्हा ऐट आल्यासारखं वाटलं.

"मग आडलं कुठं?"

मी महागाईचं बोलायला तोंड उघडलं, पण ते आता कुठल्या तोंडाने बोलणार. आबांनी तंबाखू मळली, बार भरला आणि सावकाश म्हणाले,

"दिवाळी झाली की मेंढरं घिऊन आमी कोकणात उतरायचो. तितं तांदूळ काय भाव हाय, ह्ये इचारून कवा निघालो न्हाय. भांडी, कोंबड्या, पोरं, समदं घोड्यावर. तुझी आई घोड्याम्होरं चालायची, तवा तू पोटात व्हतास. संसार मागं ठिवून मेंढरामागं गेल्याला गडी म्या बघितला न्हाय."

आमच्याकडे मेंढरांचा तळ हलला की घर हलतं, हे मला लहानपणापासून माहीत होतं. माझा जन्म तसाच, कुठल्याशा शेतात बसवलेल्या मेंढरांच्या शेजारी झाला. शेताला खत मिळतं म्हणून शेतकरी धान्य द्यायचा, त्यावर आई सगळ्यांना भाकरी घालायची. त्या माणसांच्या पोटी जन्मून, विमानाने जाणारा मीच पहिला आणि बायकोला घरी ठेवणाराही मीच पहिला. मला फार लाज वाटली. आबा उठून गोठ्याकडे गेले.

मी स्वयंपाकघरात गेलो. ती कणीक मळत होती. येताना मी मनात एक थाप जुळवून आणली होती, कोथिंबीर अलीकडेच स्वस्त झाली अशा धर्तीची. तिच्याकडे बघून ती सांगायचा धीर झाला नाही. मग आयुष्यात बहुधा पहिल्यांदा मी तिला सरळ काय ते सांगितलं.

मी म्हटलं, खर्चाचा प्रश्न पहिल्या महिन्यानंतर नव्हताच. तिकडे मला बोलता येत नाही. इथला साहेब तिथे मुका आहे. बाजारात त्या म्हातारीपुढे मी मला हवं ते बोटाने दाखवतो आणि नाणी तळहातावर ठेवून हात पुढे करतो. पाहिजेत तेवढी ती उचलते, आणि उरलेली सांडू नयेत म्हणून माझी मूठ मिटून देते, लहान पोराची मिटावी तशी. लॅबमधली पोरं हसतात तेव्हा कशाला हसली ते कळत नाही, मग मीही हसतो. तू आणि पोरगी आलात की मला असं बघाल, याची मला भीती वाटली. महाग आहे हे लिहायला सोपं होतं.

तिने कणकेचा गोळा झाकला, हात धुतले, पदराला पुसले. मला वाटलं रडेल, निदान भांडेल. मी दोन्हीची तयारी ठेवली होती.

"मान्सांत तासभर बोलत व्हता," ती म्हणाली. "मला दीड वरीस एक खरी वळ लिवायला तुमाला कुठली भाषा आडवी आली?"



ती आतल्या खोलीत गेली. ट्रंकेचं झाकण वाजलं. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात बारामतीच्या स्टुडिओचं पाकीट होतं. त्यात पासपोर्टच्या मापाचे फोटो होते, चार तिचे, चार मुलीचे. मी गेलो त्याच आठवड्यात तिने ते काढून आणले होते. फोटोत मुलगी तोंडभर हसत होती आणि तिचे पुढचे दोन्ही दात पडलेले होते.

"माझं चालत्याल," ती म्हणाली. "तिचं मातर परत काढाय लागत्याल. दात आलं आता."

मला घरी येऊन दोन दिवस झाले होते. पोरगी सगळा वेळ माझ्या मांडीवर बसून माझ्याशी बोलत होती, आणि ते दात मी पाहिले नव्हते.