पसंतीला गेलेली साडी

मला एका जागी बसवत नाही. आमचे आप्पा, म्हणजे माझे सासरे, सकाळी दुकानाच्या गादीवर बसले की जेवायच्या वेळेपर्यंत मांडी मोडत नाहीत. मी गिऱ्हाईक नसलं की दारात जाते, दारात गेले की आतलं काम आठवतं, आत आले की फोन बघते. आप्पा म्हणतात, हिच्या पायाला भिंगरी होतीच, आता बोटालाही लागली. बेळगावात खासबागेतलं आमचं साड्यांचं दुकान तसं लहानच. मागच्या गल्लीतल्या हातमागांवरची साडी आमच्याकडे येते, आणि एका रंगाची, एका काठाची बहुधा एकच येते. तीच आमची शान आणि तेच आमचं दुखणं.

दुखणं अशासाठी की मी हौसेनं वेबसाइट काढली, साड्यांचे फोटो टाकले, आणि एकच साडी दोन ठिकाणी विकली जायला लागली. इकडे आप्पांनी काउंटरवर पिशवीत घालून दिलेल्या साडीचे तिकडे साताऱ्यातली कुणी बाई पैसे भरून मोकळी झालेली असायची. माफी मागून मागून माझं तोंड दुखलं. शेवटी हुबळीहून एक माणूस बोलावून नवी सिस्टिम बसवून घेतली. साडीची चिठ्ठी काउंटरवर स्कॅन केली की ती वेबसाइटवरून आपोआप उतरायची, वेबसाइटवर विकली गेली की काउंटरवर लाल दिसायची, आणि पाठवलेलं पार्सल कुठवर पोचलं तेही त्याच पडद्यावर कळायचं. मला वाटलं, आता तरी माझा जीव थाऱ्यावर राहील.

तो माणूस मराठी, कन्नड, हिंदी असं सगळं एकत्र करून समजावत होता. साडी एक तर दुकानात, नाही तर विकलेली. मी विचारलं, "आणि पसंतीला गेलेली?" त्याला ते कळलंच नाही. मी सांगितलं, लग्नघरची माणसं गठ्ठाभर साड्या घरी नेतात, सगळ्या बायका बसून बघतात, लागतील त्या ठेवतात, बाकीच्या परत आणतात. बिल नंतर. तो हसून म्हणाला, "नडुवे एनू इल्ला री." मध्ये काही नाही. आप्पा गादीवरून म्हणाले, "पसंतीला गेलेली साडी आपली बी न्हाय, त्यांची बी न्हाय. चार दिस पावणी असती ती." पडद्यावर पाहुणीला जागा नव्हती, म्हणून मी अशा साड्या 'दुकानात' म्हणूनच राहू दिल्या.

येळ्ळूरच्या मावशींच्या घरी लग्न निघालं तेव्हा असाच गठ्ठा गेला. मावशी माझ्या कुणी नात्याच्या नाहीत. आमच्या सासूबाई होत्या तेव्हापासूनचं गिऱ्हाईक, त्यामुळे आजही मला सूनबाई म्हणतात. धाकट्या मुलाचं लग्न होतं. थोरली लेक पुण्याला, नुकतीच दुसऱ्या खेपेची बाळंतीण झालेली. डॉक्टरांनी तिला इतक्यात प्रवास नको म्हणून सांगितलं होतं, आणि घरात कार्य असल्यानं मावशींना तिच्या बाळंतपणाला जाता आलं नव्हतं. गठ्ठा बांधताना त्या दोनदा म्हणाल्या, "लेकीकडं जायाचं सोडून साड्या निवडत बसलोय बघ." मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली.

दुसऱ्याच दिवशी पडद्यावर ऑर्डर आली. गठ्ठ्यातलीच एक, कोनफळी रंगाची, तांबड्या काठाची इरकल. मागवणारी मावशींची पुण्याची लेक, पत्ता मात्र येळ्ळूरचा, मावशींच्या घराचा. खाली लिहिलं होतं, आईला सांगू नका. मी लगेच तिला फोन लावला. ती म्हणाली, घरात साड्या पसरल्या होत्या तेव्हा ती व्हिडिओ कॉलवर होती. आईनं ती कोनफळी साडी खांद्यावर घेतली, आरशात बघितलं, आणि कुणाचं लक्ष नाही असं समजून हळूच परत ठेवली. "स्वतःसाठी कधी घेत नाही हो ती. लग्नात तिच्या अंगावर हीच पाहिजे. मी नाही तर निदान माझी साडी तरी तिथं असू दे." तिचा आवाज भरून आला होता. माझ्या मनात मात्र वेगळीच धांदल उडाली होती. जी साडी पाठवायची ती जिथं पाठवायची तिथंच होती.

आप्पांचं म्हणणं सरळ होतं. "आता तिथंच ऱ्हाऊ दे की. पाठवली म्हणून लिहून टाक." मला ते पटेना. लेक पुण्यात बसून पार्सल कुठवर आलं ते बघणार होती. तिला खोटा प्रवास कसा दाखवायचा? शिवाय आईच्या हातात खोकं पडावं, ते तिनं उघडावं, हेच तर तिला हवं होतं. मी स्कूटर काढली आणि येळ्ळूर गाठलं.

मावशी मधल्या खोलीत होत्या. परत द्यायच्या साड्या एका बाजूला नीट लावलेल्या, आणि कोनफळी त्यांच्या मांडीवर. मला बघून लाजल्या. म्हणाल्या, "ही ठेवावी म्हंते मी. माझ्यासाठनं. पोरगं बी म्हणालं, घे आई." त्यांनी ती घ्यायचं कसंबसं मनावर घेतलं होतं आणि मी नेमकी तेव्हाच आले होते.

"मावशी, ती विकली गेलीया."

"कुणाला?"

"पुण्याला."

हे तसं खरंच होतं. त्यांनी काठावरून एकदा हात फिरवला आणि साडी माझ्या हातात दिली. "असू दे. कुणाच्या तरी नशिबात हुती." चहा झाल्याशिवाय त्यांनी मला सोडलं नाही, आणि तो चहा मला आतापर्यंतच्या कुठल्याही चहापेक्षा कडू लागला. परत येताना मला त्यांच्या लेकीचाही राग आला आणि माझ्या सिस्टिमचाही.

पार्सल बांधलं, कुरिअरचा माणूस येऊन घेऊन गेला. मी मनाशी म्हटलं, उद्या पोचेल. आमच्या गच्चीवरून राजहंसगड दिसतो, त्याच्या पायथ्याशी येळ्ळूर. सकाळी पडदा उघडला तर साडी हुबळीत. आधी सगळं हुबळीच्या गोदामात जातं, तिथं वाटणी होते, मग परत फिरतं, असं कुरिअरवाला फोनवर शांतपणे म्हणाला. मी त्याला म्हटलं, स्कूटरवरून सहज जाते मी तिथं. तो म्हणाला, मग मॅडम, आम्हाला कशाला दिलं? आप्पांनी ऐकलं आणि बराच वेळ मनाशी हसत राहिले.

त्यानंतर साडी हुबळीतच बसून राहिली. मी गिऱ्हाइकाला पदर उलगडून दाखवता दाखवता फोन बघायची, गॅसवर डाळ ठेवून फोन बघायची, आणि डाळ लागायची. तिकडून लेकीचे मेसेज. ताई, अजून हुबळीच दाखवतंय. लग्न जवळ आलं होतं. मी तिला लिहायची, येईल, येईल. स्वतःला मात्र असं एकदाही समजावता आलं नाही.

त्यात मावशी बसनं खासबागेत आल्या, लग्नात नेसायला साडी घ्यायला. मी म्हटलं, "मावशी, थांबा की. नवा माल यायचा हाय."

"लगीन थांबतंय व्हय, सूनबाई?"

काय सांगणार? कपाटातल्या साड्या काढत राहिले, मुद्दाम न आवडणाऱ्या आधी काढल्या. आप्पांना माझी चाल कळली, ते गादीवर खाली मान घालून बसले. शेवटी मावशींनी हिरवी घेतली. आवडली म्हणून नव्हे, उशीर झाला म्हणून. चिठ्ठी स्कॅन झाली, पडद्यावर ओळ उमटली. वर काउंटरची विक्री, खाली ऑनलाइन विक्री, दोन्हीपुढे येळ्ळूर. सिस्टिमच्या हिशेबानं दोन गिऱ्हाइकं. दोन्ही साड्या एकाच बाईच्या अंगावर चढायच्या होत्या हे फक्त मला ठाऊक होतं, आणि ते सांगता येत नव्हतं.

हळदीच्या दिवशी दुपारी हिरवी खूण आली, पार्सल पोचलं. मी एवढ्या मोठ्यानं श्वास सोडला की आप्पांनी वर बघितलं. त्या दुपारी मी पहिल्यांदा सावकाश जेवले. पण संध्याकाळ व्हायच्या आत लेकीचा फोन. "ताई, पोचलं म्हणून दाखवतंय, पण आई काहीच बोलली नाही. मी दोनदा फोन केला. नुसतं हसते आणि विचारते, बाळाला नीट पांघरूण घातलंस ना. दुसऱ्याच कुणी घेतलं का हो पार्सल?" सिस्टिमच्या लेखी काम संपलं होतं. माझं पुन्हा सुरू झालं. मी स्कूटर काढली.

मांडवात हळदीची गडबड होती. मावशी मला बघताच हात धरून आत घेऊन गेल्या, अगदी मागच्या खोलीत. तिथं पलंगावर धुतलेली चादर घातलेली, उशाशी दुपटी, शेक द्यायला शेगडीसुद्धा आणून ठेवलेली. पलंगाच्या मधोमध ते खोकं, न उघडलेलं. मावशी हळू आवाजात म्हणाल्या, "कुणाला सांगू नकोस. लेक येणार हाय. तिच्या नावाचं पार्सल आलंय बघ. सामान म्होरं धाडलंय. मला न सांगता येणार असंल, म्हणून मी बी फोनवर काय बोलले न्हाय."

मी खोक्यावरची चिठ्ठी बघितली. मागवणाऱ्याचं नाव आणि घेणाऱ्याचं नाव सिस्टिमनं एकच छापलं होतं, लेकीचं. मावशींच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की वाटलं, आल्या पावली निघून जावं. पण उद्या लग्न होतं, आणि त्या रात्रभर दाराकडे डोळे लावून बसल्या असत्या.

"मावशी, उघडा ते."

"तिचं हाय. तीच उघडंल."

"तुमचं हाय. उघडा."

त्यांनी हळदीच्या हातानं चिकटपट्टी सोडवली, कागद बाजूला केला आणि आत बघत राहिल्या. "ही तर तू नेलतीस."

"व्हय. तुमच्या लेकीनं घेतली, तुमच्यासाठनं. सांगू नका म्हणालती."

मग मावशी पलंगाच्या कडेला बसल्या आणि म्हणाल्या, "म्हंजे ती येणार न्हाय."

मला काहीतरी करायलाच हवं होतं, गप्प उभं राहणं मला जमत नाही. मी फोन काढला, पार्सलचा प्रवास उघडला, लेकीनं किती जीव टांगणीला लावून हे बघितलं ते त्यांना कळावं म्हणून. इंग्रजी ओळी वाचून दाखवल्या. खासबाग, हुबळी, परत बेळगाव, मग येळ्ळूर.

"आणि पुणं?"

"पुणं न्हाय ह्यात."

"म्हंजे हिला तिचा हात लागलाच न्हाय."

मावशींनी मला लेकीला व्हिडिओ कॉल लावायला सांगितलं. लेक बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. आईच्या हातात साडी बघितली आणि रडायला लागली. म्हणाली, "आई, उद्या नेस गं."

"न्हाय. घडी तू मोडायची."

आमच्याकडे नवी कोरी साडी आधी जिवाभावाच्या माणसाला नेसायला देतात. तिनं घडी मोडली की मग आपण नेसायची. लेक म्हणाली, अगं लग्न उद्या आहे, मी तुझ्यासाठी घेतली. मावशी म्हणाल्या, "लग्नाला हाय माझ्याकडं, हिरवी. ही तू नेस. बाळाला घिऊन, ही नेसून ये. मग मी नेसते." लेकीनं खूप समजावलं, पण मावशी काही हलल्या नाहीत. मग त्यांनी साडी त्याच कागदात गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. "धाड. लवकर धाड म्हणत न्हाय मी. पुण्याला जाऊ दे एवढंच बघ."

त्या घरातून तीच साडी मी दुसऱ्यांदा घेऊन निघाले. लग्नाला गेले तेव्हा मावशी हिरव्या साडीत होत्या आणि हसत होत्या, आणि मला त्या साडीचा अजिबात राग आला नाही. त्याआधीच पार्सल गेलं होतं. सिस्टिममध्ये ती विक्री नव्हती आणि परतीचा मालही नव्हता, म्हणून मी ते माझ्याच नावानं पाठवलं. मावशी रोज सकाळी दुकानात फोन करायच्या. "हुबळी सोडली का?" मी म्हणायची, अजून न्हाय. मग एकदा म्हटलं, सोडली.

आणि एका सकाळी पडद्यावर पुणं आलं. मी तेव्हाच येळ्ळूरला फोन लावला. मावशी म्हणाल्या, "वाचून नको दाखवूस. मी येते." पुढच्याच बसनं त्या आल्या. आप्पांनी गादीवर जागा करून दिली, पण त्या बसल्या नाहीत. काउंटरला वळसा घालून पडद्यासमोर आल्या, म्हणाल्या, "कुठं हाय?" मी ओळ दाखवली. त्यांनी तिच्यावर बोट ठेवलं आणि कितीतरी वेळ ठेवलं. दारात गिऱ्हाईक येऊन थांबलं होतं. मी त्यांच्या मागे गप उभी राहिले.