जड साचा
बॅटरीच्या दुकानापाशी शिसं वितळल्याचा वास आला आणि आईनं साचा घेतला तो दिवस आठवला. वडील गेल्यावर मासेमारी तिनं हाती घेतली होती. जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्या ओतायला साचा हवा होता, म्हणून आम्ही दोघी नाशकात आलो. भट्टीच्या धगीत घामाघूम झालेल्या दुकानदारानं लहान साचा पुढे केला. "बाईमाणसाला हलकं जाळं बरं." आई म्हणाली, "मासा काय बाई बघून हलका होतो?" आणि तिनं सगळ्यात जड साचा उचलला. पुढच्या आठवड्यात गंगापूर धरणावर, बाप्ये बघत असताना, तिनं गुडघाभर पाण्यातून जाळं फेकलं. ओढताना ती दोनदा पुढे खेचली गेली. एक जण धावला, "वहिनी, हात देतो." "हात नको, टोपलं आण," आई म्हणाली. आता त्या धरणावर मी माझी होडी लोटते, कुणाला न विचारता.