शोकप्रस्तावाला बसून राहिलेले सर

हसलात तरी चालेल. भूत, आत्मा वगैरे मी कधीच मानलं नाही. आम्ही बौद्ध, वरळीच्या चाळीत राहूनही नवस, अंगारे-धुपारे वडिलांनी दाराबाहेरच ठेवले. पण हे भर दुपारी घडलं... तेही विधान परिषदेच्या सभागृहात.

मी एका आमदारांची पीए. शिक्षक मतदारसंघातून निवडून आलेले, सत्तरीचे, दादरला राहणारे – सगळे त्यांना सरच म्हणतात. अधिवेशनाचा पहिला दिवस होता. सरांच्या जुन्या मित्राचा, एका माजी सदस्यांचा, शोकप्रस्ताव होता. सर करी रोडच्या एका शाळेतून परस्पर येणार होते. मी फोन बाहेर जमा करून प्रेक्षक गॅलरीत जाऊन बसले.

भाषणं संपली. श्रद्धांजलीसाठी सगळं सभागृह उभं राहिलं. आणि सर दिसले – आपल्या जागेवर, एकटेच बसलेले!

आधी रागच आला. मित्राला श्रद्धांजली आणि हे बसून? टीव्हीवर दिसलं तर? तेवढ्यात सरांनी मान वर करून थेट माझ्याकडे पाहिलं. चेहरा पांढराफटक... बोलायची तर सोय नाही. मी हातानेच खुणा करत राहिले – उठा सर, उठा! मार्शलने माझ्यावर डोळे वटारले. त्याच्याकडे बघून परत वळले, तर जागा रिकामी.

धावत बाहेर येऊन फोन घेतला. ड्रायव्हर सावंतकाकांचे मिस्ड कॉल.

“अगो, खंय होतंस? सर गाडीतच कोसळले. परळच्या हॉस्पिटलात आणलंय.”

“काका, सर आत्ता इथे सभागृहात होते!”

“येडी काय गो? करी रोडवरून थेट हंयच आणलंय. हार्ट बंद पडलेला... आता कुठे चालू झाला म्हणतात.”

काही दिवसांनी आयसीयूत भेटायला सोडलं. सर क्षीण आवाजात म्हणाले, “एवढे हातवारे का करत होतीस गं?”

खुणांबद्दल मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

“सगळे उभे होते. मला उठवतच नव्हतं. तू वरून ‘उठा, उठा’ करत होतीस... म्हणून उठलो.”

नंतर त्या दिवसाचं चित्रीकरण पाहिलं. सरांची जागा पहिल्यापासून रिकामीच आहे. डॉक्टर म्हणतात, अशा वेळी मेंदूला भास होतात. असतील. पण मग मला कसा भास झाला? मला नाही सांगता येत. सर आता पुन्हा सभागृहात जातात. शोकप्रस्ताव असला की मी मात्र बाहेरच थांबते.