आल्फ्रेडचा गुपचूप उपास

माझा नवरा आल्फ्रेड झोपला की त्याच्या हृदयात बसवलेली धातूची झडप ऐकू येते. टिक, टिक. ऑपरेशननंतर घरी आणला तेव्हा मला वाटलं, मेल्यानं घड्याळ गिळलंय. मग सवय झाली. रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून, जेवून आम्ही कॅनडातल्या व्हिटबीच्या घरात सोफ्यावर कलंडायचो. तळ्यावरचं धुकं खिडकीपर्यंत यायचं आणि त्या टिकटिकीवर तरंगत मी वसईला जायची. केळीची वाडी, ओली वाट, पुढे आई चाललेली. मागे वळून बघायची नाही, नुसती चालायची.

२०१७च्या, ईस्टरआधीच्या उपवासकाळात एका रविवारी मी अशीच तरंगले आणि वाडीत पोचलेच नाही. आवाज कापसात गुंडाळल्यासारखा झाला होता. डोळे उघडून मी त्याच्या छातीला कान लावला. टिक नव्हतीच, आत नुसतं काहीतरी घुटमळत होतं. आल्फ्रेड म्हणाला, जिना चढून थोडा दम लागतोय, बाकी काही नाही. मी त्याच्या अंगावर कोट फेकला आणि गाडी काढली.

हॉस्पिटलात कळलं, झडपेवर रक्ताची गुठळी धरली होती. रक्त पातळ ठेवायची गोळी तो न चुकता घेत होता, तरीही. डॉक्टर छाया मूळच्या नागपूरच्या, त्यांनी मराठीतच समजावलं. गुठळी विरघळवणारं औषध थेंबाथेंबानं सोडायचं, पण त्यानं डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो. न द्यावं तर झडप अडकून बसेल. इकडे आड, तिकडे विहीर. मी हो म्हटलं.

त्यांनी पुनःपुन्हा विचारलं, एवढ्यात काय बदललं? नवं औषध? खाणंपिणं? कारण कळलं नाही तर गुठळी परत धरेल. आल्फ्रेडनं तोंडात मिठाची गुळणी धरली. माझं डोकं फिरलं, पण त्या पांढऱ्या खोलीत ओरडायचं कुणावर? बाहेर बर्फ पडत होता, आत औषध ठिबकत होतं, आणि मला सगळंच पाण्याखाली चाललंय असं वाटत होतं. मध्येच त्याच्या नाकातून रक्ताची बारीक धार आली. नर्सनं दाबून धरली. थांबली एकदाची.

दुसऱ्या दिवशी कपडे बदलायला घरी आले. आमच्या बेसमेंटमध्ये भाड्यानं राहणारा वॉरेन माझे घासलेले डबे घेऊन आला. रोजच्या बांगड्याबद्दल, कोलंबीबद्दल त्यानं भरभरून आभार मानले. दुपारी मी कामाला जाताना आल्फ्रेडसाठी मासे करून ठेवायची, ते हा खात होता तर! फ्रिजचा खालचा कप्पा ओढला. पालक, केलची पानं, मेथी, ठासून भरलेली.

तशीच हॉस्पिटलात परत गेले. गुठळी विरघळू लागली होती. डॉक्टरांच्या समोरच विचारलं. आल्फ्रेड म्हणाला, उपवासकाळ सुरू झाला त्या राखेच्या बुधवारपासून मासळी सोडली, दुपारी नुसता पाला खातो. उपास गाजवायचा नसतो, येशूनं शुभवर्तमानात सांगितलंय. उजवा हात काय देतो ते डाव्या हाताला कळू द्यायचं नाही.

"अति तिथं माती," मी म्हटलं. "काही सोडायचंच असेल ना, तर माझ्यापासून लपवणं सोड."

डॉक्टर मात्र त्याच्याजवळ बसल्या. त्यांनी सावकाश सांगितलं, पालेभाजीनं गोळीचा जोर कमी होतो. पण बंदी नाही. रोज सारखीच खा, आणि खाणं बदललंत तर आम्हाला कळवा. आम्ही रक्त तपासून गोळी वाढवू. उपासही होईल.

आल्फ्रेडनं माझ्याकडे वळून विचारलं,

"एवढंच सांगायचं होतं?"

"एवढंच रे," मी म्हटलं, आणि कालपासून आवरलेलं रडू मला फुटलं.