काकीची पळायची तयारी

अख्ख्या लालबागात पळायची तयारी कुणाची पक्की असेल तर ती आमच्या शेजारच्या खोलीतल्या काकीची, आणि काकीला पळणं सोडा, उभंसुद्धा राहता येत नव्हतं. कधीकाळी ताप आला त्यात तिचे पाय गेले, अगदी चिमटा काढला तरी कळायचं नाही. तेव्हापासून ती दुसऱ्या माळ्यावर गॅलरीत खुर्चीत बसून सगळ्या चाळीला कामाला लावायची. कुणाचं दूध उतू जातंय, कुणाचा नवरा झोकांड्या खात येतोय, सगळं वरून ओरडून सांगायची. मी तिला भ्यायचे. मी तशी सगळ्यालाच भिते, आणि ते दिवस भ्यायचेच होते, मुंबई महाराष्ट्राला मिळालीच पाहिजे म्हणून रोज मोर्चे, रोज लाठ्या, नाक्यावर पोलीस कधी अश्रुधूर सोडतील नेम नाही, नवरा मिलमध्ये, आणि पदरात चार वर्षांची पोरगी, तिला जन्मापासून ऐकू येत नाही नि बोलताही येत नाही.

तर चाळीच्या सेक्रेटरींनी सभा घेतली. गडबड झाली की थाळी वाजणार, थाळी वाजली की सगळ्यांनी मागच्या जिन्याने उतरून मागच्या गल्लीत जमायचं. टाळ्या पडल्या. काकी म्हणाली, "आणि मी काय उडत येऊ?"

"तुम्ही दार लावून बसा काकी. तुम्हाला कोण काय करतंय?"

"आग लागली तर?"

"तेव्हा बघू की."

"तेव्हा काय बघशील मेल्या, माझी राख?" सगळे हसले. मग तिने माझ्या पोरीकडे बोट केलं. "आणि हिला थाळी कोण ऐकवणार?"

सगळे वळून पोरीकडे बघायला लागले. मला पण हे सुचलं नव्हतं, आणि मी आई.

मग काय, चाळीचं सगळं उलटंपालटं झालं. थाळीबरोबर काकी गॅलरीतून पिवळं लुगडं हलवणार, ते दिसलं की पोरीने असेल तिथून काकीकडे धावायचं, आणि दोघींना चौघांनी खुर्चीसकट खाली न्यायचं, असं ठरलं. म्हणजे काकीने ठरवलं. खुर्चीला बांबू बांधले. दर रविवारी, नेमकं मटण शिजत असताना, तालीम. उचलणारे काकी असे पारखायची की जणू जावई बघतेय. "हा नको, याला मध्येच शिंक येते." "तू ताडमाड, तो बुटका, मी काय घसरगुंडीवर बसलेय?" खाली गल्लीत एक म्हातारी बांबू बघून हात जोडायची, की काकी वरून ओरडायची, "जिवंत आहे गो मी!" पोरीला तो खेळच वाटायचा, लुगडं दिसलं की सुटायची.

एकदा तळमजल्यावर लग्न होतं, नवरीचं हळदीचं लुगडं कुणीतरी धुऊन गॅलरीत वाळत घातलं. झालं! अर्धी चाळ मागच्या गल्लीत, वऱ्हाडी पण, का पळतोय ते कुणी कुणाला विचारेना. पोरगी तेवढी बरोबर काकीकडे. आणि काकी खुर्चीत लालबुंद होऊन, "अरे, मला न घेता कसले पळता रे!" तेव्हापासून आमच्या चाळीत पिवळं वाळत घालायला बंदी झाली. ती नवरी अजून माझ्याशी बोलत नाही. माझ्याशी का, तेही मला कळलं नाही.

आणि मग खरंच झालं. मी रेशनला गेले होते, पोरगी चाळीतल्या नळावर बायकांत सोडून. नाक्यावर धूर सोडला. मी कशी धावत आले मला ठाऊक नाही, डोळ्यांत नुसती मिरची. मागच्या गल्लीत सगळी चाळ उभी, खुर्चीवाले चौघे पण. पोरगी नाही.

"काकीकडे असेल," एकजण म्हणाला.

"आणि काकी?"

"ती हलेना. पोरगी येईपर्यंत मला हात लावाल तर बघा म्हणाली. शिव्या घालून हाकललं आम्हाला."

मी वर पळाले. जिना दिसत नव्हता. वर काकी कठड्यावर अर्धी बाहेर लोंबतेय, डोळे मिटलेले, पाणी वाहतंय, आणि लुगडं हलवतेय, हलवतेय. "ये गो बाय, ये गो!" बहिऱ्या पोरीला ओरडून बोलावतेय. आणि पोरगी खुर्चीखाली, काकीच्या पायांना घट्ट मिठी मारून बसलेली. कधीची आली होती कुणास ठाऊक. तिला हाक मारता येत नाही, आणि काकीच्या पायांना काही कळत नाही.

"काकी, आलीय ती! तुझ्या पायाशी आहे!"

"मग सांगत का नाय मेली!" काकी म्हणाली, आणि लगेच जीभ चावली. हात खाली घालून चाचपडली, डोकं लागलं तसं धरूनच ठेवलं. तेवढ्यात माझ्या मागून ते चौघे आले, खोकत, खाली मान घालून. कुणाला काकीने नावं ठेवली नाहीत. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

आता मुंबई मिळाली. काकीला तिच्या भाच्याने अँटॉप हिलला सरकारी खोलीत नेलं, तळमजल्यावर. पोरीला घेऊन मी भेटायला गेले. काकी सांगत होती, इथे शेजाऱ्यांना विचारलं, मला बाहेर कोण नेणार, तर हसतात, आजी, तळमजला तर आहे म्हणतात. मग पोरीचे केस सारखे करत म्हणाली, "हिच्याकडे कोण धावतं आता?"

"मी आहे की."

"आणि तू नसलीस तर?"

परत येताना बसमध्ये पोरगी मांडीवर झोपली, आणि मी आमच्या चाळीतलं एकेक दार डोळ्यांपुढे आणत बसले, कुणाला सांगून ठेवू, कुणाला सांगून ठेवू.