कॅमेऱ्याचा पहिला मान

आमच्या घराबाहेर जो कॅमेरा बसवला आहे, त्याचे मालक आमचे दाजी आहेत. घर आमचं, भिंत आमची, कॅमेऱ्याला लागणारी वीज आमची, पण मालक दाजी. आणि दाजी राहतात पुण्याला.

अणदूरला आमचं घर खंडोबाच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. रविवारी माणसांची रीघ लागते. त्यांना पाणी प्यायला, पाय धुवायला म्हणून अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, फाटकाबाहेर टाकी बांधून तिला पितळी तोटी बसवली आहे. ही तोटी चोरीला जाते. अप्पा नवी आणतात, तीही जाते. मी एकदा म्हटलं, "अप्पा, प्लास्टिकची बसवू. कोण नेणार नाही."

"देवाला निघालेल्या माणसाला पलास्टिकातनं पाणी पाजायचं व्हय रं?"

विषय संपला आणि कॅमेरा घ्यायचं ठरलं.

मी तुळजापूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे निवडीचं काम माझ्याकडे आलं. (त्यामुळे म्हणणं तितकंसं खरं नाही. घरात फ्यूज उडाला तरी मला कुणी विचारत नाही. पण सुट्टी मलाच लागली होती.) मी मोबाइलवर इतके व्हिडिओ बघितले की बायको, वैशाली, म्हणाली, "अहो, एवढं तर मला बघायला आलात तेव्हाही बघितलं नव्हतं!" शेवटी माझ्या अटी ठरल्या. पावसात भिजला तरी चालणारा, अंधारात रंगीत बघणारा, वायफायवर चालणारा, कुणी हललं की मोबाइलवर कळवणारा आणि हलणाऱ्या माणसामागे आपोआप मान वळवणारा. हे सगळं मी आईला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "एवढं करतंय तर पाणी बी भरतंय का इचार."

अप्पांची अट एकच होती. "दिसाया दांडगा पायजे. चोराला लांबनं कळाया पायजे." दुकानदाराने अंड्याएवढा कॅमेरा पुढे ठेवला तेव्हा अप्पा दुकानाबाहेर जाऊन उभे राहिले. मग दोन अँटेना असलेला मोठा घेतला. अप्पांना ती शिंगं आवडली.

निघताना दुकानदार म्हणाला, "सर, एक ध्यानात ठेवा. ज्याच्या फोनवर पहिल्यांदा स्कॅन कराल, तो ह्याचा मालक. बाकीचे सगळे पाहुणे."

"माहीत आहे मला," मी म्हणालो. "विज्ञान शिकवतो मी."

कॅमेरा बसवला त्या दिवशी ताई आणि दाजी आमच्याकडे आले होते. नळदुर्गला एक लग्न होतं, ते उरकून जाता जाता. दाजी एका कारखान्यात मालाची तपासणी करतात. दिवसभर दुसऱ्यांच्या कामातले दोष काढायचे आणि त्याचा पगार घ्यायचा. माणूस चांगला आहे, पण घरी आल्यावरही ती ड्यूटी संपत नाही. मी छज्ज्याखाली कॅमेरा ठोकला. दाजी खालून म्हणाले, "मेव्हणे, डावीकडं कललाय." आईने खोक्याला हळदकुंकू वाहिलं, अप्पांनी नारळ फोडला. मी खिशातून मोबाइल काढून कॅमेऱ्याकडे वळलो, तोच अप्पांनी माझा हात धरला.

"थांब! घरात जावई असताना तू म्होरं? पयला मान त्यांचा."

"नको नको मामा, असू द्या," दाजी म्हणाले. म्हणाले तेव्हा त्यांचा फोन हातात होता, चालू होता आणि कॅमेऱ्यासमोर धरलेला होता. स्कॅन झालं. आम्ही टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात मी वाजवल्या! दुपारची गाडी धरून दाजी पुण्याला गेले आणि आमच्या भिंतीवरची मालकी खिशात घालून गेले.

माझ्या मोबाइलवर जेव्हा 'मालकाची परवानगी घ्या' असं आलं, तेव्हा दुकानदाराचं वाक्य मला आठवलं. दाजींना फोन केला. "तुम्ही बघा नुसतं," ते म्हणाले. "सेटिंगला हात लावू नका. बिघडतं." मी अप्पांना म्हटलं, मालकी परत मागून घेऊ. अप्पा उसळले. "दिलेला मान माघारी मागायचा? उद्या नेसवलेलं धोतर सोडून घेशील!"

दुसऱ्या दिवशी अप्पा नेहमीसारखे बनियनवर ओट्यावर बसले होते. दाजींचा फोन आला. "मामा, उन्हात बसू नका." अप्पा आधी सावलीत गेले, मग घरात गेले, आणि सदरा, टोपी, उपरणं असा पोशाख करून बाहेर आले. मे महिन्यात! तेव्हापासून आमचे अप्पा ओट्यावर लग्नाला निघाल्यासारखे बसतात.

आईचं अजून अवघड. जावयाच्या पुढ्यात तिने आजवर "जेवा" यापलीकडे शब्द काढलेला नाही. आता जावई कायमचे छज्ज्याखाली येऊन बसले! ती अंगणात जाताना डोक्यावरून पदर नाकापर्यंत ओढून, मान खाली घालून, भिंतीच्या कडेने जाऊ लागली. आणि कॅमेऱ्याला हलत्या माणसामागे मान वळवायची खोड (जी मी खास निवडून घेतली होती). "बघ बघ, इकडं वळून बघत्यात," असं म्हणून आई आणखी पदर ओढायची. मी सांगितलं, ते यंत्र आहे, आपोआप वळतं. तिचा विश्वास बसला नाही. वैशाली कचरा टाकायला मागच्या दाराने जाऊ लागली.

अप्पांचे मित्र रशीदचाचा रोज दुपारी गप्पा मारायला येतात. त्यांनी फाटकातूनच कॅमेऱ्याला हात केला. "सलाम दामादजी! खाना हुआ क्या?" मग अप्पांच्या कानाशी लागून म्हणाले, "अप्पा, ये क्या मुसीबत लगा लिये? मेरेकू इधर बिडी पीने की भी शरम आ रई." दुसऱ्या दिवसापासून त्यांची बैठक टाकीमागे भरायला लागली. अप्पा टोपी-उपरण्यासकट तिथे जायचे.

मी कॅमेऱ्यावर फडकं टाकायचं सुचवलं. अप्पा म्हणाले, "जावयाच्या तोंडावर फडकं टाकतुस?"

हे सगळं सहन करायचं एक कारण होतं. यंदा धोंड्याचा महिना. तीन वर्षांनी येतो, आणि आमच्याकडे त्यात लेक-जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालतात. ताई दिवाळीनंतर घरी राहायला आलीच नव्हती. लग्नाच्या गडबडीत आली, तशीच गेली. धोंड्याला मात्र ती चांगली आठवडाभर राहणार होती. आईने अनारशांचे तांदूळ भिजवले होते, ताईची गोधडी उन्हात घातली होती, आणि दर दोन वाक्यांनंतर तिच्या बोलण्यात "शोभा आली की" असायचं. जावयाला राग येईल असं काही घरात घडू नये, एवढीच तिची आम्हाला विनंती होती.

एका सकाळी दाजींचा निरोप आला. 'मेव्हणे, काचेवर धूळ आहे. पुसून घ्या.' स्टुलावर चढून मी काच पुसू लागलो. ऊन डोक्यावर, घाम डोळ्यांत. वैशाली खाली स्टूल धरून उभी. माझं तोंड सुटलं.

"घर आमचं, वीज आमची आणि देखरेख यांची! वर धोंड्याला येणार. येतील, ताटं रिकामी करतील, आणि ढेकर देऊन सांगतील, मेव्हणे, तूप जरा कमी होतं! अख्खी परात पुढ्यात ठेवली तरी हा माणूस परात पालथी करूनच उठेल!"

"अहो, हळू! ऐकू जाईल," वैशाली म्हणाली.

"काही जात नाही. आवाजासाठी तिकडून बटण दाबावं लागतं. विज्ञान शिकवतो मी!"

(बटण दाबावं लागतं हे खरं आहे. पण ते त्यांना बोलायचं असेल तेव्हा. ऐकायला काहीच दाबावं लागत नाही.)

संध्याकाळी ताईचा आईला फोन आला. "ह्यांना रजा मिळत न्हाय. धोंड्याला जमायचं न्हाय." एवढं बोलून ठेवून दिला. आई फोन हातात घेऊन तशीच बसली. मग वैशालीने, न विचारता, सकाळची हकीकत सांगितली. आई उठली आणि भिजवलेल्या तांदळातलं पाणी बदलत बसली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. रस्त्यावर खंडोबाच्या माणसांची गर्दी. आई न्हाऊन, ठेवणीतलं लुगडं नेसून, ओवाळायचं ताट घेऊन बाहेर आली. मला म्हणाली, "स्टूल लाव." आम्ही सगळे भोवती जमलो. रशीदचाचाही टाकीमागून आले. आई स्टुलावर चढली, नाकापर्यंत पदर ओढला, आणि कॅमेऱ्याला कुंकू लावलं. कुठे? जिथे कपाळ असावं असं तिला वाटलं, म्हणजे बरोब्बर काचेवर. मग ओवाळून, आयुष्यात पहिल्यांदा, ती जावयाशी 'जेवा'च्या पलीकडे बोलली.

"जावईबापू, म्या तुमची सासू बोलतीया. पोरगं येडं हाय. शाळंत शिकवतंय पर घरी अक्कल न्हाय. त्याच्यावरचा राग माझ्या लेकीवर काढू नगा. दोन दिस का व्हईना, पाठवा तिला."

भिंतीतून कुणीतरी नाक ओढल्याचा आवाज आला. मग आवाज आला तो ताईचा.

"आई, मी हाय गं."

आईने घाबरून ताट माझ्या हातात दिलं. "तू? आन् पाव्हणं?"

"ह्यांना टाइम कुठाय? पहिल्याच दिवशी माझ्या फोनमधी टाकून दिलंय. मीच बसते बघत. अप्पा उन्हात बसले म्हणून ह्यांना फोन करायला मीच लावलं, काच पुसायला बी मीच सांगितलं. तू दिसशील म्हणून बसते, आणि तू रोज पदर ओढून भिंतीकडनं जाती! इतक्या दिवसांत तुझं तोंड न्हाय दिसलं मला."

आईने पदर मागे टाकला. डोळे पुसत वर बघितलं आणि म्हणाली, "बघ. दिसतंय का?"

"न्हाय! तू कुंकू लावलंय ना! सगळं तांबडं दिसतंय!"

आईने त्याच पदराने काच पुसली आणि कितीतरी वेळ दोघी एकमेकींकडे नुसत्या बघत राहिल्या. अप्पांनी टोपी सारखी केली. रशीदचाचा रस्त्याकडे तोंड करून खाकरले. मला खरोखर भरून आलं, आणि हा कॅमेरा मी निवडला याचा अभिमानही वाटला.

"आणि सत्या," भिंत म्हणाली, "तुझं सगळं ऐकलंय मी. म्हणूनच येत न्हाय म्हटलं होतं. ह्यांना सांगितलं न्हाय अजून. येतो आम्ही धोंड्याला."

सगळे हसत वळले आणि अप्पा म्हणाले, "आरं, तोटी!"

टाकीतून पाणी धो धो वाहत होतं. पितळी तोटी गेली होती.

धोंड्याला ताई आठवडाभर राहिली आणि अनारसे फक्कड झाले. दाजी सोवळं नेसून चौरंगावर बसले. पानात पुरणाचे धोंडे, त्यावर तुपाची धार, समोर सगळा भावकीचा गोतावळा. तोटीची गोष्ट निघाली तसं दाजींमधलं तपासणी खातं जागं झालं. "थांबा, रेकॉर्डिंग असतं की! टीव्हीला जोडतो." मी म्हटलं, आधी जेवून घ्या. कुणी ऐकलं नाही. त्या रविवारचं चित्र आलं, तर पडदाभर तांबडं. तांबड्यातून आईचा आवाज, आणि मागे कुठेतरी पाण्याची धार.

"थोडं मागं जाऊ," दाजी म्हणाले. "चोर आधी पाहणी करून जातो."

"नको, मागं काही नाही," मी म्हणालो. ताईने तोंडाला पदर लावला.

आणि पडद्यावर माझं तोंड आलं. कपाळापासून हनुवटीपर्यंत. घामाचा थेंब न् थेंब मोजता यावा असं! आवाजही उत्तम होता. 'परात पालथी'पासून 'विज्ञान शिकवतो मी'पर्यंत एक अक्षर गाळलं गेलं नाही. दाजींनी शांतपणे पानातला शेवटचा धोंडा संपवला आणि आईकडे बघितलं.

"मामी, परात आणा. मेव्हण्यांचा शब्द खाली पडायला नको."

तोटी नेणारा अजून सापडलेला नाही. आम्ही आणलेल्या कॅमेऱ्यात स्पष्ट चेहऱ्यानिशी आणि आवाजासकट पकडला गेलेला माणूस आजवर एकच आहे, आणि तो विज्ञान शिकवतो.